नागपुरात बूट-चप्पल घेताना सोल कसा ओळखायचा, कसा निवडायचा

बर्डीत किंवा इतवारीत चपलेच्या दुकानात गेलं की आपण वरचा भाग बघतो. रंग, शिलाई, बक्कल, कंपनीचं नाव. मग पायात घालून दोन पावलं चालतो, "मऊ आहे" म्हणतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. जोड उलटा करून तळ बघणारं गिऱ्हाईक क्वचितच दिसतं. चप्पल झिजते, घसरते, उघडते, पायाला चटका देते ती मात्र तळाकडूनच. आणि दुकानातल्या गार फरशीवर जाणवणारा मऊपणा सोलबद्दल सगळ्यात कमी सांगतो. मे महिन्यातलं डांबर, जुलैमधल्या ओल्या टाइल्स आणि कपाटात पडून राहण्याचे महिने, या तिन्ही ठिकाणी तो सोल कसा वागेल याचा अंदाज घेऊनच जोड घ्यावा. थोडी माहिती असली की हा अंदाज दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत घेता येतो.

पहिली पायरी: आपण चालतो कशावर, ते ठरवा

नागपुरात गेल्या काही वर्षांत रस्त्यांमागून रस्ते सिमेंटचे झाले. सिमेंटचा पृष्ठभाग खरखरीत आणि कडक असतो. त्यावर रोज चालणाऱ्याचा सोल घासला जातो आणि टाचेला दणकाही बसतो. डांबराची तऱ्हा वेगळी. पारा ४५-४६ वर गेला की दुपारी काळ्या डांबराचं तापमान ६० अंशांच्या पुढे जातं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भर दुपारी रस्ता ओलांडताना पातळ स्लीपरमधून चटका लागतो तो याचाच.

बेसा, मनीषनगर किंवा हुडकेश्वरकडच्या नव्या लेआऊटमध्ये राहत असाल तर गाठ मुरुमाशी आणि गिट्टीशी. पावसाळ्यात काळी माती तळाला अशी चिकटते की पाय उचलवत नाही. रिकाम्या प्लॉटवर बाभळीचे काटे असतात ते वेगळेच. उलट दिवसभर ऑफिसात, दवाखान्यात, मॉलमध्ये असाल तर तुमचा रस्ता म्हणजे गुळगुळीत टाइल्स आणि ग्रॅनाइट, म्हणजेच घसरण.

यातलं तुमचं मुख्य कोणतं, हे घरून ठरवूनच दुकानात जा. सगळीकडे सारखा चालणारा सोल अजून कोणी बनवलेला नाही.

दुसरी पायरी: हातात घेऊन ओळखा

सोलसाठी आपल्याकडे मुख्यतः रबर, ईव्हीए (हलका फोम), पीयू (पॉलियुरेथेन), टीपीआर (रबरासारखं दिसणारं प्लास्टिक), पीव्हीसी (स्वस्त प्लास्टिक) आणि चामडं वापरतात. दुकानदार सांगेल त्यावर विसंबू नका. "ओरिजिनल पीयू आहे भाऊ, डोळे मिटून घेऊन टाका" हे वाक्य तीन वेगवेगळ्या मालांसाठी ऐकायला मिळतं. काही बुटांवर आत किंवा तळाला छोटी चित्रं छापलेली असतात. जनावराच्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, विणकामाची जाळी म्हणजे कापड आणि चौकट आकाराचा हिरा म्हणजे "इतर साहित्य". रबर, पीयू, टीपीआर, पीव्हीसी सगळे त्या एकाच हिऱ्यात येतात, त्यामुळे सोलच्या बाबतीत त्या चित्राचा फारसा उपयोग नाही. आपल्या हातांवर भरवसा ठेवा.

आधी वजन. पाणी १ धरलं तर ईव्हीएची घनता ०.२ च्या आसपास, पीयूची साधारण ०.५, टीपीआर जवळपास पाण्याइतका, आणि रबर व भरीव पीव्हीसी पाण्यापेक्षा जड, म्हणजे १.१ ते १.३. जाड तळाची चप्पल उचलली आणि हातात काहीच नसल्यासारखं वाटलं, की ती ईव्हीए. तेवढ्याच जाडीची जरा भरल्यासारखी वाटली तर पीयू. पातळ असूनही जड लागली तर रबर किंवा पीव्हीसी.

मग नख. सोलच्या कडेवर अंगठ्याचं नख जोरात दाबा. ईव्हीएवर खूण उमटते आणि थोडा वेळ राहते. पीयूवर खड्डा पडतो आणि भरून येतो. रबरावर आणि टीपीआरवर जवळजवळ काहीच उमटत नाही.

त्यानंतर पंजाच्या जागी जोड वाकवा. टाचेकडून नको, जिथे चालताना पाय मुडपतो तिथेच. वाकलेल्या भागावर पांढरट रेघ आली किंवा वरचा रंग तडकला तर तो माल परत ठेवा. रबर आणि टीपीआर हे दोघे मात्र दिसायला इतके जवळचे की नवख्याला फरक कळत नाही. टीपीआरला सहसा जरा चकाकी असते. साच्यातून निघालेल्या रबरी सोलच्या कडेला कधी कधी रबराचे बारीक केस राहिलेले दिसतात. पक्की खात्री मोच्याकडे होते. तो तापवलेली सुई सोलच्या एखाद्या आडबाजूला टेकवतो. टीपीआर वितळून सुईला तार धरतो, व्हल्कनाइज केलेलं, म्हणजे गंधकासोबत तापवून पक्कं केलेलं रबर वितळत नाही, नुसतं करपतं आणि जळक्या रबराचा वास सोडतं. ही परीक्षा घरी करू नका, कारण माल पीव्हीसी निघाला तर त्याचा धूर घशाला आणि डोळ्यांना फार वाईट.

शेवटी टाच. आतला सुकतळा उचलता येत असेल तर उचला आणि टाचेच्या जागी अंगठ्याने दाबा. स्वस्तातल्या टीपीआर आणि पीव्हीसी सोलची टाच आतून पोकळ असते, माल वाचवायला नुसती जाळी ठेवलेली असते. बाहेरून टिचकी मारली तरी पोकळ आवाज येतो. पोकळ टाच म्हणजे फसवणूकच असं नाही, वजन कमी करायलाही ती तशी करतात. पण सिमेंटच्या रस्त्यावर टाच घासून खालचा पापुद्रा गेला की आत पाणी आणि खडे शिरतात, आणि मग तो बूट दुरुस्तही नीट होत नाही. रोज पायी फिरणाऱ्याने भरीव टाचच घ्यावी.

तिसरी पायरी: प्रत्येकाचा स्वभाव समजून घ्या

रबर माझ्या मते नागपूरच्या रस्त्यांसाठी पहिल्या क्रमांकाचं. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवून पाहिलं तेव्हा उन्हात न वितळणारं आणि थंडीत न तडकणारं रबर हाती आलं. तीच व्हल्कनाइज करण्याची रीत आजही रबरी सोलच्या मुळाशी आहे. गंधकामुळे रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, म्हणून डांबराच्या तापाने हा सोल मऊ पडत नाही. ओल्या फरशीवर पकड सगळ्यांत चांगली, घासलं जाणं कमी. दोष एकच, वजन. जुन्या टायरच्या तळाची चप्पल शेतावर आणि बांधकामावर वर्षानुवर्षं वापरात आहे ती याच गुणांमुळे. काटा सहसा आरपार जात नाही. दणका मात्र ती अजिबात झेलत नाही, म्हणून दिवसभर सिमेंटवर उभं राहणाऱ्याच्या गुडघ्यांना ती सोसत नाही. क्रेप सोल हेही रबरच, पण व्हल्कनाइज न केलेलं. उन्हात चिकट होतं, धूळ धरतं. आपल्या हवेत ते घेऊ नये.

ईव्हीए म्हणजे हलक्या स्लीपर, क्रॉक्ससारख्या चपला आणि धावण्याच्या बुटांतला पांढरा जाड थर. बारीक बंद बुडबुडे असलेला हा फोम पाणी शोषत नाही, दणका छान झेलतो. पण त्याला उष्णता सोसत नाही. टेकडी गणपतीला दर्शनासाठी उन्हात काढून ठेवलेली किंवा एप्रिल-मेमध्ये बंद कारच्या डिकीत राहिलेली ईव्हीएची चप्पल आकसते, कडा वर वळतात, आणि तीच चप्पल अर्ध्या नंबरने लहान लागू लागते. सतत दाबला गेला की बुडबुडे चपटे होतात आणि मऊपणा परत येत नाही. काटा आणि खिळा तर लोण्यात सुरी जावी तसा जातो. घरात, बाथरूमपर्यंत आणि फार तर नाक्यावरच्या दुकानापर्यंत ईव्हीए ठीक. तेही तळाला खोल नक्षी असेल तरच, कारण गुळगुळीत झालेला ईव्हीए ओल्या टाइलवर हमखास घसरतो.

अंबाझरी किंवा फुटाळ्याला रोज चालायला, धावायला जाणाऱ्यांनी ईव्हीएचा थर आणि खाली रबराचे तुकडे असलेला बूट घ्यावा. टाचेखाली काळं, कडक कार्बन रबर आणि पंजाखाली हलकं, फुगवलेलं रबर असेल तर उत्तम. नुसता ईव्हीए जमिनीला लागत असेल तर तो लवकर झिजतो. धावणारे लोक एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालवतात. रोज ५ किलोमीटर धरले तर साडेतीन ते पाच महिने होतात. नुसतं चालणाऱ्याचा जोड त्याहून जास्त टिकतो. वरून बूट नवा दिसला तरी आतला फोम मेलेला असू शकतो. टाचेच्या बाजूने फोमवर आडव्या बारीक सुरकुत्या कायमच्या पडल्या असतील तर तो बदलायला झालाय.

आता पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. याच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण नागपुरात सगळ्यात जास्त मनस्ताप देणारा सोल हाच, आणि चूक बहुतेक वेळा वापरणाऱ्याची नसते. पीयू हलका, दणका झेलणारा, घासायला चिवट, तेलाला दाद न देणारा. ऑफिसच्या बुटांत आणि डॉक्टर सोल म्हणून मिळणाऱ्या चपलांत तो भरपूर असतो. लग्नासाठी चांगले बूट घेतले, दोनदा घातले, डब्यात ठेवले. तीन-चार वर्षांनी दुसऱ्या लग्नात काढले आणि मांडवात चालता चालता तळाचे तुकडे पडायला लागले, असं झालेलं तुमच्याही घरात कोणी सांगेल. बोटाने दाबलं तर ओल्या बिस्किटासारखा भुगा होतो. याला हायड्रोलिसिस म्हणतात. सोलमध्ये बहुतेक वेळा पॉलिएस्टर जातीचा पीयू असतो आणि हवेतल्या ओलाव्याने त्याचे बंध हळूहळू तुटतात. उष्णतेने हे काम वेगात होतं. पॉलिइथर जातीचा पीयू ओलाव्याला जास्त तोंड देतो, पण दुकानात हा फरक सांगणारं लेबल सहसा नसतं.

आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने दमट हवा, हे झालंच. पण उन्हाळ्यात आपण घरात कूलर लावतो. खिडकीतला कूलर ओली हवा खोलीत सोडत राहतो, आणि त्याच खोलीतल्या कपाटात किंवा पलंगाखाली बुटांचा डबा असतो. म्हणजे उष्णता आणि ओलावा दोन्ही एकदम. म्हणून पीयूचा जोड कूलरच्या खोलीत ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून तर नकोच. कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून कोरड्या जागी ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी घालून थोडं चाला. नवा घेताना डब्यावरची तयार झाल्याची तारीख बघा. सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळणारा पीयूचा बूट दोन वर्षं गोदामात पडलेला असेल तर त्याचं निम्मं आयुष्य तुम्ही विकत घेण्याआधीच गेलेलं असू शकतं. वर्षातून चार वेळाच घालायचे बूट हवे असतील तर सरळ रबर किंवा टीपीआर घ्या.

टीपीआर दिसायला रबर, पण वागायला प्लास्टिक. तापवला की वितळतो, थंड झाला की पुन्हा घट्ट होतो, म्हणून कारखान्याला तो साच्यात ओतायला सोपा आणि किमतीलाही मधला. पकड बरी असते, ओलाव्याने भुगा होत नाही. भर उन्हात डांबरावर तासन् तास फिरणाऱ्याचा टीपीआर मात्र मऊ पडून लवकर घासला जातो. तेल आणि पेट्रोलही त्याला सोसत नाही, फुगतो. रोजच्या कॉलेज-ऑफिसच्या वापराला, मधल्या बजेटमध्ये, मी टीपीआरला नाव ठेवणार नाही.

पीव्हीसी सगळ्यांत स्वस्त. पावसाळी चपला आणि स्वस्तातल्या शाळेच्या बुटांत तो असतो. हवा भरून हलका केलेला पीव्हीसी बाजारात एअरमिक्स नावाने मिळतो. पाण्याने त्याचं काही बिघडत नाही, पण ओल्या टाइलवर पकड कमी, उन्हात मऊ आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कडक. वाढत्या वयाच्या मुलाला सहा महिन्यांत बूट लहानच होणार असेल तर पीव्हीसी चालेल. घरातल्या वयस्कर माणसांना तो घेऊन देऊ नका.

चामड्याच्या तळाला मात्र तोड नाही, जागा योग्य असेल तर. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची कोल्हापुरी उन्हाळ्यात पायाला जितकं सुख देते तितकं वरचं कुठलंच साहित्य देत नाही. ती घाम शोषते, उष्णता आत येऊ देत नाही. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या कारागिरांना मिळून. पण पाणी लागलं की तळ फुगतो, थर सुटतात, आणि गुळगुळीत टाइलवर घसरतोही. जून लागला की ती पुसून, हलका तेलाचा हात देऊन, हवेशीर जागी ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीला महालात-इतवारीत जाणार असाल तर ती घरीच राहू द्या, त्या दिवसांत रस्त्यावर पाण्याचा भरवसा नसतो. खाली रबराचा पातळ हाफसोल, म्हणजे पंजाखालचा अर्धा तळ, मारून घेतला तर तिचं आयुष्य वाढतं आणि घसरणंही थांबतं.

चौथी पायरी: माणूस बघून निवडा

आई-वडिलांसाठी घेताना पकड आधी, मऊपणा नंतर. तळ रबराचा, मागे पट्टा, टाच रुंद आणि बसकी. रामटेकला गडावर जायचं असेल तर पावसाळ्यात तिथल्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे रबराशिवाय दुसरं काही घालून जाऊ देऊ नका.

मधुमेह असेल आणि पायाला बधिरपणा आला असेल तर गोष्ट गंभीर आहे. अशा माणसाला चटका कळत नाही, खडा टोचलेला कळत नाही. उन्हात मंदिराच्या फरशीवर अनवाणी चाललं तर फोड संध्याकाळीच दिसतो. यासाठी एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल मिळते. पायाला लागणारा थर शोअर मापाने (हे कडकपणाचं माप) १५ च्या आसपास, म्हणजे खूप मऊ, आणि खाली कडक रबर, काटा वर येऊ नये म्हणून. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठीही हीच चप्पल देतात. अंगठ्याची वादी नको, पुढे रुंद पट्टे आणि मागे पट्टा हवा. डॉक्टरांना पाय दाखवूनच ती घ्या.

हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत नव्याने कामाला लागलेल्यांनी सेफ्टी शूजवर आयएसआयची खूण आणि आयएस १५२९८ हा क्रमांक बघावा. साध्या कामाला पीयूचा तळ चालतो. वेल्डिंग, भट्टी, गरम पत्रा असेल तर नायट्राइल रबराचा तळ मागा. तेलालाही तो टिकतो आणि उष्णतेलाही. त्यावर एचआरओ अशी खूण (म्हणजे उष्णता सोसणारा तळ) असेल तर ३०० अंश तापलेल्या पृष्ठभागावर एक मिनिट टेकवून त्याची चाचणी झालेली असते. हॉटेलच्या किचनमध्ये तेलकट फरशीवर काम करणाऱ्यांनाही नायट्राइलच घ्यावा लागेल.

लेआऊटच्या चिखलातून जाणाऱ्यांनी खोल नक्षी घ्यावी, पण नक्षीच्या खाचा एकमेकींपासून लांब असाव्यात. दाट नक्षीत काळी माती भरते आणि दहा पावलांत तळ सपाट होतो.

पाचवी पायरी: सोल बुटाला कसा जोडलाय ते तपासा

सोल कितीही चांगला असला तरी तो बुटाला धरून कसा आहे, यावर पुढचं सगळं. नुसता चिकटवलेला असेल तर उन्हाळ्यात डिंक मऊ पडून पंजाच्या पुढून तोंड उघडतं. कडेने गोल शिलाई फिरवलेली असेल तर ती खरी आहे की नुसती साच्यात उमटवलेली, हे दोऱ्यावर नख घालून बघा. साच्यातच वरच्या भागावर सोल ओतलेला असेल तर तो सहसा उघडत नाही, पण झिजला की बदलताही येत नाही. शाळेचे आणि सेफ्टीचे बूट बरेचदा असे असतात.

उघडलेला बूट मोच्याकडे नेताना सोल कशाचा आहे ते त्याला सांगा. नेहमीचं पिवळं सोल्युशन रबराला आणि चामड्याला छान धरतं. पीव्हीसीतला तेलकट अंश बाहेर येऊन तेच सोल्युशन महिन्याभरात सोडतं, तिथे पीयूचं चिकटवण लागतं. टीपीआर आणि ईव्हीएवर आधी प्रायमर लावावा लागतो. चिकटवण्याआधी कडा घासून खरखरीत केली का, आणि दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं सुकू दिलं का, एवढं बघा. ओलं असतानाच दाबून हातात दिलं तर परत यावं लागेल. शक्य असेल तिथे वरून शिलाई मारून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

रबर आणि चामड्याच्या तळाला हाफसोल आणि टाच दोन-तीनदा लावता येते. पीयूचा भुगा व्हायला लागला असेल तर मोची चिकटवून देतो म्हणाला तरी पैसे घालवू नका, कारण चिकटवण धरायला खाली घट्ट असं काही उरलेलंच नसतं. वरचा भाग चामड्याचा आणि चांगला असेल तर पूर्ण सोल काढून रबराचा बसवून देणारे कारागीर मिळतात. टाचेची बाहेरची कड घासून नक्षी दिसेनाशी झाली की, पावसाळ्याची वाट न बघता, मे अखेरीलाच तो जोड त्यांच्याकडे द्या.